बियाण्यांचा मुसाफिर

आज तुमच्या घरी जेवायला काय होते? ज्वारीची भाकरी असेल किंवा गव्हाची रोटी. सोबत तुरीची डाळ, बटाट्याची भाजी, तोंडी लावायला एखादी हिरवी मिरची. ही सारी पिके आपल्याच मातीतली आहेत असे आपण धरून चालतो. पण यांतली बरीचशी मंडळी परदेशी पाहुणी आहेत. ज्वारी आफ्रिकेतून आली. गहू पश्चिम आशियातून आला. बटाटा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतावरचा, तर मिरची मेक्सिकोकडची. साडेपाचशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील एकाही माणसाने मिरची चाखलेली नव्हती! तूर मात्र खरोखर आपली, भारतातच जन्मलेली.

कोणते पीक मुळात कोठे जन्मले, हा प्रश्न पूर्वीच्या विद्वानांनाही पडला होता. पण घोड्यावर, खेचरावर आणि पायी हजारो मैल हिंडून, शेताशेतांतून मूठमूठ दाणे गोळा करून या प्रश्नाचे उत्तर शोधणारा एक शास्त्रज्ञ रशियात होऊन गेला. त्यांचे नाव निकोलाय इवानोविच वाविलोव. जगातून भूक हटवायची असेल तर आधी बियाणे जाणून घेतले पाहिजे, असे त्यांना वाटे. त्यांची जीवनकथा आनंदाची आहे आणि फार दुःखाचीही आहे. ती तुम्ही वाचावी म्हणून येथे दिली आहे.

वाविलोव यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८७ रोजी मॉस्को शहरात झाला. त्यांचे वडील इवान गरीब शेतकऱ्याच्या घरात जन्मले होते. लहानपणीच ते मॉस्कोला आले आणि पुढे कापडाच्या धंद्यात त्यांनी चांगले नाव कमावले. निकोलाय चार वर्षांचा असताना रशियात मोठा दुष्काळ पडला. लाखो माणसे अन्नावाचून आणि रोगराईने मेली. वाविलोव यांच्या घरात अन्न होते. पण त्या काळातल्या रशियन मुलाला दुष्काळ हा शब्द कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

मुलाने आपला व्यापार सांभाळावा अशी वडिलांची इच्छा होती. म्हणून त्यांनी त्याला व्यापारी शिक्षण देणाऱ्या शाळेत घातले. निकोलायचे मन मात्र पानाफुलांत रमत असे. १९०६ साली त्याने मॉस्कोच्या शेतकी विद्यालयात प्रवेश घेतला. तेथे त्याने पहिला मोठा अभ्यास कशाचा केला असेल? शेतातील पिके कुरतडणाऱ्या गोगलगायींचा! धाकटा भाऊ सर्गेय याला पदार्थविज्ञानाची गोडी होती. पुढे तोही मोठा शास्त्रज्ञ झाला.

१९१३ मध्ये वाविलोव इंग्लंडला गेले आणि विल्यम बेटसन यांच्याजवळ शिकू लागले. त्या वेळी आनुवंशशास्त्र अगदी बाल्यावस्थेत होते. आईबापांचे गुण संततीत कोणत्या नियमाने उतरतात, हे सांगणारे ते आनुवंशशास्त्र. मेंडेल यांनी वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून हे नियम १८६६ सालीच छापले होते. पण चौतीस वर्षे कोणी त्यांच्याकडे लक्ष दिले नाही. १९०० साली जगाला मेंडेलची आठवण झाली आणि बेटसन त्या नव्या शास्त्राचे मोठे पुरस्कर्ते बनले. हे ज्ञान घेऊन तरुण वाविलोव मायदेशी परतले, तोच पहिले महायुद्ध पेटले.

युद्धात रशियाचे सैन्य इराणमध्ये उतरले होते. तेथे एक विचित्र प्रकार घडू लागला. सैनिक रोटी खात आणि दारू प्यायल्याप्रमाणे झोकांड्या खात. याचे कारण शोधण्यासाठी १९१६ साली वाविलोव यांना तिकडे पाठवण्यात आले. त्यांनी गव्हाची शेते पाहिली, पीठ तपासले. गव्हात एका विषारी गवताचे दाणे मिसळले होते! कारण सापडले आणि काम संपले. पण वाविलोव लगेच घरी परतणारे गृहस्थ नव्हते. ते तसेच पुढे पामीरच्या उंच डोंगराळ मुलखात गेले. त्यांच्या सामानात परकीय भाषांतली पुस्तके होती आणि टिपणे इंग्रजीत लिहिलेली होती. त्यामुळे वाटेत रशियन शिपायांनीच त्यांना जर्मनांचा हेर समजून काही दिवस अडकवून ठेवले. हेर असल्याचा हा आरोप त्यांच्यावर पुन्हा एकदा होणार होता. पण ते पुढे येईल.

१९१७ साली व्होल्गा नदीकाठच्या सारातोव शहरात ते प्राध्यापक झाले. या शहराचे नाव लक्षात ठेवा. रशियात तेव्हा क्रांती झाली होती, यादवी युद्ध चालू होते, शहरात खायलाही पुरेसे मिळत नव्हते. तशा दिवसांत वाविलोव विद्यार्थ्यांना घेऊन शेतात गहू, बार्ली आणि राय यांच्या ओंब्या मोजत बसत. राय म्हणजे गव्हासारखेच एक धान्य. रशियातील काळी रोटी त्याचीच करतात. गव्हात कुसळे असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही तऱ्हेच्या ओंब्या असतात. बार्लीत आणि रायमध्येही तसेच आढळते. ओंब्यांचा रंग, दाण्याचा आकार, पिकण्याचा काळ यांतही तेच. जवळच्या नात्यातील वनस्पतींत बदल घडतात ते एकमेकांशी जुळणाऱ्या ओळींनी घडतात, असा नियम त्यांनी १९२० साली सारातोवच्या परिषदेत मांडला. याचा उपयोग काय? एका पिकात एखादा गुण दिसला आणि त्याच्या भाऊबंदात तो अजून सापडला नसेल, तर तो कोठेतरी असला पाहिजे, हे आधीच सांगता येते. मग शोधायला निघायचे!

पुढच्याच वर्षी व्होल्गाकाठी भयंकर दुष्काळ पडला. सुमारे पन्नास लाख माणसे मरण पावली. १९२१ मध्येच वाविलोव पेत्रोग्राद शहरातील वनस्पती-संस्थेचे प्रमुख झाले. याच शहराचे नाव पुढे लेनिनग्राद झाले आणि आज ते सेंट पीटर्सबर्ग म्हणून ओळखले जाते. थंडी, दुष्काळ आणि रोग यांना तोंड देणारे वाण निर्माण करायचे, तर तसे गुण असलेले बियाणे हाताशी हवे. ते बियाणे जगभर विखुरलेले होते. ते गोळा करायचे त्यांनी ठरवले.

या प्रवासांतला एक प्रवास मला विशेष सांगावासा वाटतो, तो अफगाणिस्तानचा. १९२४ साली वाविलोव आपल्या सोबत्यांसह हेरातला पोहोचले. पुढे सुमारे पाच महिने घोड्यांच्या काफिल्याबरोबर त्यांनी जवळजवळ पाच हजार किलोमीटर मजल मारली. हेरात, काबूल, कंदाहार आणि नूरिस्तानच्या अवघड दऱ्या त्यांनी पाहिल्या. रस्ते म्हणजे कड्याच्या पोटातून गेलेल्या अरुंद वाटा. गावात पोहोचले की ते शेतात आणि बाजारात जात, धान्य हातात घेऊन पाहत आणि थोडे थोडे पिशवीत भरून त्यावर गावाचे नाव लिहीत. अशा सुमारे सात हजार नमुन्यांच्या पिशव्या घेऊन ते परतले.

तेथे त्यांना एक गंमत कळली. ती तुम्हांला इतरांपेक्षा लवकर समजेल, कारण तुम्हांला उर्दू येते. रशियात जे राय मोठ्या मानाने पेरले जाई, ते अफगाणिस्तानात आणि इराणात गव्हाच्या शेतात तण म्हणून उगवत होते. शेतकरी त्याला वैतागले होते. त्याचे स्थानिक नाव होते गंदुमदर. गंदुम म्हणजे गहू, हे तुम्ही जाणताच. गव्हाला सतावणारे तण, असा त्या नावाचा अर्थ वाविलोव यांनी नोंदवला आहे.

आता नीट विचार करा. शेतकरी खुरपणी करतो तेव्हा कोणते रोप उपटतो? जे गव्हापेक्षा वेगळे दिसते ते. म्हणजे गव्हासारखे दिसणारे तण वाचते. मळणीनंतर तो धान्य उफणतो, चाळतो. बारीक दाणे चाळणीतून खाली पडतात. गव्हाएवढे टपोरे दाणे मात्र गव्हातच राहतात आणि पुढच्या वर्षी गव्हाबरोबर पेरले जातात. जे दाणे कापणीपूर्वीच शेतात गळून पडतात ते खळ्यापर्यंत येत नाहीत. जे ओंबीला चिकटून राहतात ते येतात. असे शेकडो वर्षे चालले. कोणी ठरवले नव्हते, कोणाला कळलेही नाही, पण शेतकऱ्याच्याच हातांनी एका रानटी गवताचे हळूहळू धान्य बनले. मग माणसे गव्हाचे बियाणे घेऊन उत्तरेकडे, थंड मुलखात गेली. तेथे गहू थंडीने मरे, पण त्यात मिसळलेले राय तग धरून राही. डोंगरावर जसजसे उंच जावे तसतसे शेतात गहू कमी आणि राय जास्त, हे वाविलोव यांनी प्रत्यक्ष पाहिले. शेवटी शेतकऱ्यांनी गव्हाचा नाद सोडला आणि रायच पेरायला सुरुवात केली. कालचे तण आजचे अन्न झाले! उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षांपूर्वीच्या हाडांची गोष्ट, अशी आपली समजूत असते. ती आपल्या शेतात आणि चाळणीतही चालू असते.

१९२६ साली वाविलोव यांनी पिकांच्या जन्मस्थानांविषयी आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्यांचा विचार असा होता: ज्या प्रदेशात एखाद्या पिकाचे सर्वांत जास्त प्रकार आढळतात, तो त्याचा जन्मप्रदेश असण्याचा संभव मोठा. जगाच्या नकाशावर त्यांनी असे काही प्रदेश दाखवले. त्यांत आपला भारतही होता. त्यांचे सर्वच निष्कर्ष टिकले असे नाही. भाकरी-रोटीच्या मऊ गव्हाचे सर्वाधिक प्रकार त्यांना हिंदुकुशच्या पायथ्याशी दिसले. पण पुढील संशोधनानुसार हा गहू कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेकडे, गव्हाच्या एका जुन्या जातीचा आणि एका रानगवताचा संकर होऊन जन्मला. भात त्यांनी भारताच्या नावावर मांडला होता. त्याच्या लागवडीचे सर्वांत जुने पुरावे चीनच्या यांगत्से खोऱ्यात मिळाले आहेत. तरीही त्यांनी दाखवलेली वाट आजचे शास्त्रज्ञ चालत आहेत. फरक एवढाच, की आज ते ओंब्यांची कुसळे मोजून थांबत नाहीत, तर पेशीतील संपूर्ण आनुवंशिक मजकूर वाचतात. तुमच्या घरी नान किंवा शीरमालसाठी पीठ फुगवायला खमीर घालतात ना? त्या खमिरातील यीस्ट या सूक्ष्म जिवाचे १०११ नमुने जगभरातून गोळा करून शास्त्रज्ञांनी त्यांचा असा मजकूर वाचला. २०१८ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: सर्वांत जास्त विविधता चीनकडील यीस्टमध्ये दिसते, म्हणून त्याचे मूळ तिकडेच असावे. हा युक्तिवाद ओळखीचा वाटतो ना?

पुढच्या काही वर्षांत वाविलोव सीरिया, पॅलेस्टाईन, इथिओपिया, चीन, जपान, कोरिया, मेक्सिको आणि दक्षिण अमेरिका एवढे देश फिरले. सीरियात त्यांना मलेरियाने गाठले, तरी काम थांबले नाही. ते रात्री चार-पाच तासच झोपत. अनेक भाषा बोलत. १९४० पर्यंत लेनिनग्रादच्या संस्थेत सुमारे अडीच लाख नमुने जमा झाले. असा बियाण्यांचा खजिना तेव्हा जगात दुसरा नव्हता.

पण याच काळात देशात वारे उलटे फिरू लागले होते. स्टालिनने शेतकऱ्यांच्या जमिनी सक्तीने एकत्र केल्या. धान्य घटले. १९३२-३३ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला आणि लाखो लोक मेले. सरकारला नवे वाण चार-पाच वर्षांत हवे होते. वाविलोव म्हणत, याला दहा-बारा वर्षे लागतात. अशा वेळी त्रोफिम लिसेन्को नावाचा एक तरुण पुढे आला. तो शेतकऱ्याचा मुलगा होता. बियाण्याला थंडी दिली की पीक लवकर येते, असे त्याचे प्रयोग होते. सुरुवातीला वाविलोव यांनीच त्याला प्रोत्साहन दिले. पण पुढे लिसेन्को म्हणू लागला की जनुके वगैरे सर्व थोतांड आहे. परिस्थिती बदलली की वनस्पतीचा स्वभाव बदलतो आणि तो बदल बियाण्यातही उतरतो. याला पुरावा नव्हता. परंतु ते ऐकायला गोड होते आणि स्टालिनला ते आवडले. शास्त्रातला वाद प्रयोगाने मिटवायचा असतो. येथे तो सत्तेने मिटवला गेला.

वाविलोव यांच्यापुढे मार्ग मोकळा होता. लिसेन्कोचे बरोबर आहे एवढे म्हटले असते, तर पद आणि प्राण दोन्ही वाचले असते. त्यांनी तसे म्हटले नाही. १९३५ मध्ये कृषी अकादमीचे अध्यक्षपद त्यांच्याकडून गेले. १९३८ मध्ये त्याच खुर्चीवर लिसेन्को बसला. १९३९ साली एडिंबरा येथे आनुवंशशास्त्राची जागतिक परिषद भरली. तिच्या अध्यक्षपदी जगाने वाविलोव यांना निवडले होते. सरकारने त्यांना जाऊच दिले नाही.

६ ऑगस्ट १९४० रोजी वाविलोव पश्चिम युक्रेनमध्ये बियाणे गोळा करत होते. एक काळी मोटार आली. मॉस्कोहून तातडीचे बोलावणे आहे असे सांगून त्यातील माणसे त्यांना घेऊन गेली. सोबत्यांनी नंतर त्यांची पिशवी उघडली. त्या दिवशी वेचलेल्या एका जुन्या गव्हाच्या ओंब्या तिच्यात होत्या.

त्यांच्यावर हेरगिरीचा आणि देशाची शेती मुद्दाम बिघडवल्याचा आरोप ठेवण्यात आला. रात्ररात्र जागवून शेकडो वेळा त्यांची चौकशी झाली. ९ जुलै १९४१ रोजी त्यांना मृत्युदंड सुनावला गेला. नंतर तो बदलून वीस वर्षांची कैद करण्यात आली. जर्मन फौजा मॉस्कोजवळ आल्या तेव्हा कैद्यांना दूर हलवले. वाविलोव यांना नेले ते सारातोवला. ज्या शहरात तरुण प्राध्यापक म्हणून त्यांनी नाव मिळवले, त्याच शहराच्या तुरुंगात. तुरुंगातही ते सोबतच्या कैद्यांना शास्त्र समजावून सांगत. जगाच्या शेतीचा इतिहासही त्यांनी कैदेत लिहिला होता. ते हस्तलिखित राहिले नाही.

त्यांच्या पत्नी येलेना बारुलिना याही वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. मसूर या पिकाच्या त्या मोठ्या जाणकार. युद्धामुळे मुलगा यूरी याला घेऊन त्याही सारातोवला येऊन राहिल्या होत्या. पती मॉस्कोच्या तुरुंगात आहेत असे समजून त्या आपल्या तुटपुंज्या शिध्यातून खाण्याची पार्सले मॉस्कोला पाठवत. ती त्यांना कधीच मिळाली नाहीत. पती त्याच शहरात, काही रस्ते ओलांडून गेल्यावर, उपाशी होते. १९४२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने वाविलोव यांना आपले परदेशी सभासद म्हणून निवडले. हे त्यांना कळले असण्याची शक्यता नाही. २६ जानेवारी १९४३ रोजी, उपासमारीने खंगून, त्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते.

इकडे लेनिनग्रादमध्ये काय चालले होते? सप्टेंबर १९४१ पासून जर्मन सैन्याने शहराला वेढा घातला होता. तो जानेवारी १९४४ पर्यंत टिकला. पहिल्या हिवाळ्यात बहुतेक नागरिकांना दिवसाला फक्त १२५ ग्रॅम पाव मिळे, आणि त्यातही भुसा मिसळलेला असे. लोक रस्त्यांत पडून मरत. वाविलोव यांच्या संस्थेच्या इमारतीत मात्र गहू, तांदूळ, मका, कडधान्ये, बटाटे असे पोतीच्या पोती अन्न भरून होते, आणि त्याची राखण करणारी माणसे उपाशी होती. बटाटे गोठू नयेत म्हणून ती मोडके लाकूडसामान जाळून तळघरात ऊब ठेवत. उंदरांपासून डबे वाचवत. बियाण्याजवळ कोणी एकटे जायचे नाही असा त्यांनी नियमच केला होता. दिमित्री इवानोव हे भाताचे तज्ज्ञ भुकेने गेले, तेव्हा त्यांच्या खोलीत तांदळाच्या हजारो पुड्या शाबूत होत्या. अलेक्सांद्र श्चुकिन यांनी भुईमूग सांभाळला आणि कामाच्या टेबलापाशीच प्राण सोडला. ओटच्या तज्ज्ञ लिलिया रोदिना याही गेल्या. असे आणखी कितीतरी. आपले प्रमुख जिवंत आहेत की नाहीत, हे त्यांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

स्टालिनच्या मृत्यूनंतर, १९५५ साली, वाविलोव निर्दोष असल्याचे न्यायालयाने जाहीर केले. लिसेन्कोचे वर्चस्व मात्र १९६५ पर्यंत संपले नाही. धाकटे बंधू सर्गेय १९४५ मध्ये देशाच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले होते. ज्या राजवटीने भावाला मारले तिचीच सेवा करताना त्यांच्या मनात काय चालत असेल, याची कल्पना तुम्हीच करा. ते १९५१ मध्ये वारले. भावाचे नाव निष्कलंक झालेले त्यांना पाहता आले नाही. येलेना यांना ते पाहता आले. त्यांनी उरलेले दिवस पतीचे लेखन लावण्यात घालवले आणि १९५७ मध्ये त्यांचे निधन झाले. वाविलोव यांनी आपल्या प्रवासांविषयी एक मोठे पुस्तक लिहायला घेतले होते. अटकेनंतर त्याची बरीच पाने नष्ट झाली. सहकाऱ्यांनी लपवून जपलेली पाने १९६२ साली छापली गेली. अफगाणिस्तानची हकिकत त्यांत आहे: डोंगरातल्या त्या अरुंद वाटा, काफिल्याचे घोडे आणि त्यांच्या पाठीवरच्या दाण्यांच्या पिशव्या.